नाणं सरकेल एवढी फट

शर्टाचं तिसरं बटण सापडलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. बटण जागेवर होतं, काज जागेवर होतं, हातही माझाच होता. फक्त अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये काय आहे, हे मला कुणी कळवेना. मान खाली घालून पाहिलं तर दोन्ही बोटं बटणाशेजारचं कापड चिमटीत धरून अगदी मन लावून कामाला लागलेली. मला हसूच आलं. हसताना तोंडाचा एक कोपरा मागे राहिला, ते आरशात दिसलं, आणि मग हसू गेलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धांगाचा छोटा झटका आहे. मी विचारलं, छोटा म्हणजे केवढा? तर म्हणाल्या, घरी जाता येईल एवढा. आणि खरंच काही दिवसांत घरी आलो. जीभ आली, पाय आला, तोंडाचा कोपरा आला. प्रवासातून आल्यावर सगळं सामान उतरवून घ्यावं आणि एक पिशवी तेवढी गाडीत राहावी, तशी उजव्या हाताची ही दोन बोटं मागे राहिली. हलायची, वाकायची, सांगितलेलं ऐकायची. पण परत येऊन काही सांगायची नाहीत.

दहातली दोन बोटं रुसली तर एवढं काय बिघडलं, असं कुणीही म्हणेल. पण मी दात करतो. लोकांचे दात झिजतात, किडतात, दाताचे डॉक्टर ते तासतात आणि ठसा घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात. ठशात प्लास्टर ओतायचं, त्या प्लास्टरच्या दातावर मेणाची टोपी घडवायची, मग तीच टोपी धातूत नाहीतर चिनी मातीत आणायची. मेण कोरणारी सुरी डोळ्यांनी चालत नाही, या दोन बोटांनी चालते. डोळे फक्त साक्षीला. कड अशी जुळली पाहिजे की जिभेलाही कळू नये, आपला दात कुठे संपला आणि आमचा कुठे सुरू झाला. आमच्याकडे फट ही शिवी आहे. माझ्या हातचा दात बसवला की टक् असा आवाज येतो आणि विषय मिटतो, असं डॉक्टर लोक म्हणायचे. त्या टक् वर मी आयुष्य काढलं आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. लग्न ठरल्यावर बायकोला एकदा लॅब दाखवायला नेलं होतं. मी ऐटीत सगळं दाखवतोय, आणि ही एकाच ठिकाणी थांबली. टोपी करण्याआधी प्लास्टरच्या दातावर आम्ही लाखेसारखा एक पातळ हात देतो, तिथे. म्हणाली, हे कशाला? मी म्हटलं, सिमेंटला जागा राहावी म्हणून. टोपी अगदीच अंगाबरोबर झाली तर सिमेंट मावत नाही, आणि मग ती पुरती खाली बसत नाही. ती म्हणाली, म्हणजे फट ठेवता की. मी म्हटलं, ही फट नाही, हा हिशेब आहे. ती तेव्हा नुसती हसली होती.

लॅबच्या मालकीणबाईंनी माझं खिडकीजवळचं टेबल तसंच ठेवलं होतं, वर चादर घालून. फोनवर म्हणाल्या, ‘तुमचं टेबल तुमचंच आहे, अगदी सावकाश या.’ इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की माझी झोप उडाली. कारण मला माहीत होतं, माझ्या कामासाठी त्यांनी एक नवीन माणूस घेतला आहे आणि तो बिचारा हात धुण्याच्या बेसिनशेजारी, स्वतःच्याच सावलीत मेण कोरतो आहे. पुढे दोनेक महिन्यांनी त्याच म्हणाल्या, ‘घाई नाही हो, पण या सोमवारपर्यंत काय ते कळवाल का?’ कळवतो, म्हटलं. काय कळवणार होतो? हाताला विचारावं तर हात बोलत नव्हता.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला एक स्पंजचा चेंडू आणि दोन वाट्या दिल्या होत्या. एका वाटीतले सुके वाटाणे उचलून दुसरीत टाकायचे, मग दुसरीतले पहिलीत. या बिनपगारी कामाला मी महिनाभर जुंपलेला असताना एका संध्याकाळी साडू आला. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्याही गोष्टीची सुरुवात ‘जरा तळमजल्यापासून सांगतो’ अशी करायची खोड आहे, म्हणून घरात सगळे त्याला तळमजलाच म्हणतात, त्याची स्वतःची बायकोसुद्धा. जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

‘वाटाणे निवडून झाले असतील तर हे घे.’

‘काय आहे?’

‘बोट.’

‘ते कळलं. पण माझ्या टेबलावर का?’

‘पूर्ण करायची राहिलीय. मला वेळ नाही.’

हे धादांत खोटं होतं. विजेवर पळणाऱ्या, रिमोटवर वळणाऱ्या शर्यतीच्या बोटी हे त्याचं वेड; दर रविवारी गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीतल्या तळ्यावर त्याची टोळी जमते. बोट हा विषय निघाला की हा माणूस जेवण विसरतो, आणि याला वेळ नाही? मी चादर उलगडली. फायबरचं पांढरं कवच, हातभर लांब, नाक सुरीसारखं, पोटाला धारदार कडा. शेजारी एका डब्यात मोटर, तारा, पितळी नळ्या, सुकाणू, स्क्रूंच्या पुड्या. कवच रिकामं होतं. मी डाव्या हाताने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठेतरी साच्याची रेघ राहिली होती, केसाएवढी. ‘हे घासलं नाहीस,’ मी म्हटलं. तो म्हणाला, ‘नाही ना. तेच म्हणतोय.’

त्या रेघेने माझा घात केला. म्हणजे उपकार केले. पण ते आता म्हणतोय. तेव्हा मला वाटलं, ही रेघ घासून देतो आणि परत पाठवतो. घासली, तर मोटरचा पाया बसवायचा राहिला म्हणून बसवला. पाया बसवला, तर मोटर सरळ रेषेत हवी म्हणून ती तीनदा काढून घातली. टेबलावरची आमची ताटं स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेली आणि आम्ही दोघं उभ्याने जेवायला लागलो. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर उभी राहून आल्यावर जेवायलाही उभीच. एकदाच म्हणाली, ‘ही बोट जन्मली की बारसं बसून करू.’ तळमजला एक दिवसाआड यायचा आणि खुर्चीवर उलटा बसून ज्ञान द्यायचा. बॅटरी फार मागे गेली तर नाक उचलून बोट कोलांटी मारते, फार पुढे गेली तर नांगरासारखी पाणी उकरत जाते. भर वेगात बोट पाण्यात नसतेच मुळी. अर्धा पंखा आणि पोटाची एक कड, एवढंच पाण्याला टेकलेलं असतं. त्याच्या बोलण्यातलं निम्मं ऐकायचं, हा आमच्या नात्याचा पाया आहे. तो इतकं बोलतो की सगळं ऐकणाऱ्याला वेगळा दवाखाना लागेल. मी हो-हो करायचो आणि माझ्या बोटांकडे बघायचो.

कारण मी बोट करत नव्हतोच, मी बोटांवर पाळत ठेवून होतो. स्क्रू चिमटीत धरला आहे, असं डोळ्यांना दिसायचं. बोटांना विचारावं तर काही उत्तर नाही. चिमटी किती आवळायची कळायचं नाही, म्हणून कधी स्क्रू निसटून फरशीवर जायचा, तर कधी एवढा आवळला जायचा की नखं पांढरी पडायची. कवच गुळगुळीत झालं की नाही ते मी ओठाला लावून बघायचो. बायकोने एकदा मला बोटीचा मुका घेताना पकडलं. म्हणाली, ‘चालू द्या तुमचं.’ रागवायचं असतं तेव्हा मी खूप रागवतो, आणि त्या दिवसांत तर सगळ्यांवर रागवत होतो. पण त्या वाक्यावर मला हसू फुटलं, आणि हसताना दोन्ही कोपरे बरोबर आले.

मग पंख्याचा दिवस आला. बोटीचा पंखा दोन पात्यांचा, अंगठ्याच्या पेराएवढा, पण त्याला सुरीसारखी धार लागते आणि तोल असा लागतो की दोन्ही पाती वजनाला सख्ख्या बहिणी. बारीक सुईवर तो आडवा ठेवायचा. जे पातं खाली जाईल ते जड. त्याला मागून कानशीने घासायचं, पुन्हा ठेवायचं. पुन्हा घासायचं. हे माझं काम होतं, हे मला येत होतं. लॅबमध्ये याहून बारीक गोष्टी केल्या आहेत. दुपार होती, घरात कुणी नव्हतं, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. मी पंखा फिरवून धरायला गेलो आणि उजव्या हाताचं पहिलं बोट धारेवरून गेलं.

दुखलं.

मी पंखा खाली ठेवला आणि बोटाकडे बघत बसलो. रक्ताची एक बारीक रेघ उठली आणि तिच्या मागोमाग, जरा उशिराने, लांबून कुणी हाक मारावी तसं ते दुखणं येत राहिलं. अगदी क्षीण. पण माझं होतं. मी पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा दुखलं. मी दुकानात फोन लावला. ही म्हणाली, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘बोट कापलं.’ ‘रक्त येतंय?’ ‘येतंय.’ ‘फार?’ ‘नाही.’ ‘मग रडतोस कशाला?’ मी म्हटलं, ‘दुखतंय म्हणून.’ पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मग ती त्या माणसाला म्हणाली, ‘एक मिनिट थांबा हां,’ आणि तो माणूस थांबला, आणि आम्ही दोघं फोनवर काही न बोलता तसेच उभे राहिलो. त्या खोकणाऱ्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवशी मी मनाशी एक ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. रविवारी ही बोट मी स्वतः चालवायची. शर्यतीच्या सगळ्या फेऱ्या बोटीने पूर्ण केल्या, तर सोमवारी लॅबमध्ये जायचं. मध्येच बंद पडली, उलटली, बुडाली, तर मालकीणबाईंना कळवून टाकायचं की चादर काढा आणि त्या नवीन माणसाला उजेडात बसवा. नंबर बिंबर काही नको होता. पण बोट पहिल्या स्क्रूपासून माझ्या हातची होती आणि रिमोटचं चाक याच दोन बोटांत धरायचं होतं. याहून सरळ परीक्षा कुठली? हा कौल फार सोयीचा वाटला. न्यायाधीश मी, आरोपी हात, आणि निकाल लागणार पाण्यावर, म्हणजे कुणाला रागवायलाही नको.

शनिवारी सकाळी शेवटचं काम राहिलं होतं, शाफ्टचं. मोटर बोटीच्या पोटात, पंखा बोटीच्या मागे बाहेर. दोघांना जोडणारा शाफ्ट म्हणजे पोलादी तारांची पिळलेली दोरी, ग्रीस लावून पितळी नळीतून ओवलेली. एक टोक आत मोटरला नटाने आवळायचं. दुसरं टोक बाहेर एका ब्रॅकेटमधून निघतं, तिथे पितळेची कडी आणि कडीला टेकून पंखा. तळमजला दाढी न करता आला होता, चहा पिता पिता शाफ्टबद्दलच काहीतरी सांगत होता, भार आला की काय होतं वगैरे. मी सुकाणूचा स्क्रू फिरवत होतो आणि स्क्रूचा आटा या बोटांना पहिल्यांदाच कळत होता, एकेक कडा, मोजता येईल असा. मी कुणाचं ऐकणार? हो-हो केलं. ही खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तो गेल्यावर मी शाफ्ट ओवला आणि कडी ब्रॅकेटला अशी टेकवली की मध्ये कागद जाणार नाही. जिभेलाही कळणार नाही. मनातल्या मनात टक् असा आवाज आला. आत मोटरकडचा नट दोन पान्यांनी आवळला, एका हातात एक, आणि उजव्या हाताने पाना सोडला नाही. मग गोळीच्या गुंगीने दुपारी गाढ झोपलो. उठलो तेव्हा बोट टेबलावर तशीच होती आणि बायकोच्या अंगठ्याला पट्टी होती. मी विचारलं, काय लागलं? म्हणाली, डबा उघडताना. मी बरं म्हटलं आणि चहा मागितला.

तळ्यावर रविवारी सकाळी वारा नव्हता. दगड काढून काढून खोल झालेली खाण, तिच्यात हिरवं, थंड, स्थिर पाणी. नारिंगी रंगवलेले तेलाचे रिकामे डबे पाण्यावर अंतराअंतराने बांधलेले, त्यांना बाहेरून वळसा घालायचा. शिट्टी एका निवृत्त क्रेनचालकाकडे. त्यालाच अडकलेल्या बोटी होडीने आणायचं काम, म्हणून तो सगळ्यांच्या बोटींकडे आधीच दुःखी नजरेने बघत होता. मी बॅटरी बसवली, कवचाचं झाकण लावून भोवती चिकटपट्टी मारली, पाणी शिरू नये म्हणून. तळमजल्याने बोट उचलून उलटी केली. खिशातून एक नाणं काढलं, पंख्याजवळ काहीतरी केलं आणि नाणं परत खिशात टाकलं. मला वाटलं, शकुन बघतोय. ‘हे काय?’ मी म्हटलं. ‘सवय,’ तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली, ‘शहाणा आहेस. मला वाटलं नव्हतं ऐकशील.’ तो नेहमीच असं काहीतरी अर्धवट बोलतो. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष माझ्या बोटांवर होतं.

शिट्टी झाली आणि पाच बोटी एकदम किंचाळल्या. तो आवाज मी आधी लांबूनच ऐकला होता; आपल्या बोटीचा आवाज वेगळाच असतो, तो कानात नाही, बरगडीत ऐकू येतो. डाव्या हाताच्या बोटाखाली वेगाचा खटका, उजव्या हाताच्या चिमटीत चाक. पहिल्या वळणावर मी चाकाकडे बघितलं, चिमटीत चाक आहे ना म्हणून, आणि मान वर केली तर बोट डबा सोडून पार बाहेर निघालेली. बायको मागे उभी होती. तळमजला म्हणाला, ‘हाताकडे बघू नकोस रे, बोट तिकडे आहे.’ मग मी हाताकडे बघणं सोडलं. आता वाटतं, आजारी पडल्यापासून मी तेच एक काम करत होतो, हाताकडे बघणं. आई तापलेल्या पोराकडे बघते तसं, सारखं, त्याला झोपू न देता. बोटीकडे बघितलं. पांढरा ठिपका, मागे पाण्याचा उंच पिसारा, आणि मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची एक बारीक धार बाजूच्या भोकातून निघत होती, ती धार दिसली की समजायचं आत सगळं ठीक आहे. ती दिसत होती. बोट वळत होती. कोण वळवत होतं, हे त्या वेळी मला माहीत नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नाही.

आईची आठवण आत्ता निघाली त्याला कारण आहे. काम शिकत होतो तेव्हा आईची कवळी मीच केली होती, आयुष्यातली पहिली. तिने घातली आणि म्हणाली, छान आहे. मी घरात असलो की कवळी तोंडात. मी बाहेर पडलो की कवळी पदराच्या गाठीत. ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी मावशीने सांगितली. कवळी इतकी घट्ट होती की हिरड्या सोलून निघायच्या, पण पोराच्या हातचा पहिला माल, त्याला नावं कोण ठेवणार? माझ्या भोवतीच्या माणसांनी मला किती सांभाळून घेतलं, हे मला नेहमी तिसऱ्याकडून आणि उशिरा कळतं.

आमची बोट चौथी आली. पाचवी उलटी होऊन पोट वर करून पडली होती, ते सोडा. पण आमची सगळ्या फेऱ्या पळाली, काठाला आली, आणि मी तिला पाण्यातून उचललं तेव्हा ती गरम होती आणि तिच्या पोटावरून थंड पाणी माझ्या मनगटावर ओघळलं, त्या दोन बोटांवरूनही, आणि ते पाणी थंड आहे हे मला बोटांनी सांगितलं. क्रेनचालक म्हणाला, ‘नवीन का? बुडाली नाही, म्हणजे चांगलं आहे.’ एवढं मोठं प्रमाणपत्र मला लॅबमध्येही कुणी दिलं नव्हतं. घरी येताना गाडीत मी सोमवारचं मनात घोळवत होतो, चादर काढून टाकल्यावर टेबल कसं दिसेल ते.

घरी आल्यावर शाफ्ट काढून पुसायचा असतो, नाहीतर नळीत पाणी राहून तो गंजतो. मी झाकण काढलं, दोन पाने घेतले, आणि थांबलो. मोटरकडच्या नटाच्या एका कोपऱ्यावर ओरखडा होता. पाना घसरला की उठतो तसा, पितळेचा चकाकता ओरखडा. माझ्या हातून नटावर ओरखडा उठत नाही. हात बधिर झाला तरी नाही. मुद्दाम सावकाश केलं होतं. बोट उलटी केली. कडी आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये फट होती. कागद जाणार नाही म्हणून मी जिथे खूश झालो होतो, तिथे आरपार उजेड दिसत होता.

म्हणजे कुणीतरी हात लावला होता. आणि क्षणात मला कळलंही की का लावला असेल. तळमजल्याची शनिवारची बडबड कानात कुठेतरी पडून होती, ती आता उघडली. पिळलेली दोरी आहे, भार आला की पीळ आणखी आवळतो आणि ती आखडते. आखडली की पंख्यासकट कडी आत ओढली जाते. आत यायला जागाच नसेल तर कडी ब्रॅकेटला घासते, अडते, मोटर तापते आणि पहिल्याच फेरीत तारांमधून धूर. माझ्या टक् ने ती बोट तळ्याच्या मध्यावर मेली असती. मी तिला मारूनच टेबलावर ठेवली होती, आणि तिच्याशेजारी गाढ झोपलो होतो.

मी तळमजल्याला फोन लावला. ‘शाफ्टला तू हात लावलास?’

‘मी कशाला लावू? फट बरोबर होती. नाणं घालून बघितलं ना तुझ्यासमोर.’

‘मी ठेवली नव्हती.’

तो सरळ मुद्द्यावर आला. हे त्याच्या बाबतीत दुर्मीळ. म्हणाला, ‘नटावर काही खूण आहे?’

‘ओरखडा आहे.’

‘मग मी नव्हे. एवढ्या लिफ्ट उघडल्या, कुठे ओरखडा दाखव. जरा तळमजल्यापासून विचार कर, घरात दुसरं कोण होतं.’

मी फोन ठेवला. ही वाळलेले कपडे आत आणत होती. अंगठ्यावरची पट्टी आता मळली होती, कडेला ग्रीसचा काळा डाग होता. औषधांच्या दुकानात काम करणारी बाई पट्टी बदलल्याशिवाय राहात नाही, पण दिवसभर तळ्यावर होती. मी काही विचारायच्या आधीच तिने नटाकडे पाहिलं.

‘दिसला वाटतं,’ ती म्हणाली. ‘पाना घसरला माझा. खूप घट्ट आवळलं होतंस. म्हटलं, चला, याच्या हातात जोर आला.’

‘तुला कसं कळलं फट ठेवायची ते?’

‘तो बोलत होता ना. नाणं सरकेल एवढी ठेव, म्हणाला. तू हो-हो करत होतास, म्हणजे ऐकत नव्हतास. मी ऐकत होते.’

‘मग मला सांगायचंस.’

‘सांगितलं असतं तर तू सगळी बोट परत खोलली असतीस, पहिल्या स्क्रूपासून. चिडून. मग कुठला रविवार?’ तिने कपडे खुर्चीवर ठेवले. ‘आणि मला पक्कं वाटत नव्हतं. पण म्हटलं, दाताला सिमेंटपुरती जागा लागते, तर हिलाही लागत असेल. तूच सांगितलं होतंस.’

मी खाली बसलो. मला राग यायला हवा होता. राग शोधलाही, पण बटणासारखाच तो सापडला नाही. म्हटलं, ‘पण मग ते माझं नाही झालं. मी ठरवलं होतं की...’

‘माहितेय काय ठरवलं होतंस.’

‘मी कुणाला सांगितलं नव्हतं.’

‘शुक्रवारी कपाटात एप्रन शोधत होतास. तीनदा. सोमवारी जायचं नसतं तर एप्रन कशाला शोधशील?’ तिने कपड्यांच्या ढिगातून तो काढला. कोपरावर मेणाचा जुना डाग तसाच, बाकी स्वच्छ. ‘कालच धुतला. फट करायच्या आधी.’

‘आणि बोट बुडाली असती तर?’

‘तर धुतलेला एप्रन घालून गेला असतास. बुडालेल्या बोटीचं आणि दाताचं काय? तुझे काहीतरी विचित्र नियम.’

इतकी वर्षं मी टक् आवाज करत जगलो, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी माझ्या पाठीमागे येऊन, माझं मन न मोडता, मला हलायला जागा करून ठेवत होतं. आईने पदराच्या गाठीत, तळमजल्याने वेळ नाही म्हणून, आणि हिने माझ्या झोपेत, अंगठा सोलून घेऊन. माझं मन इतकं भरून आलं की मी तिचा तो अंगठा धरला, उजव्या हाताने, त्या दोन बोटांत. पट्टीचं कापड खरखरीत लागलं. मी तिला तसं सांगितलं, खरखरीत लागतंय म्हणून. ती म्हणाली, ‘लागणारच.’ आणि तोंड फिरवून कपड्यांच्या घड्या घालायला लागली, एप्रनची दोनदा घातली.

मग मी मालकीणबाईंना फोन केला. म्हटलं, ‘उद्या येतो. पण हात अजून पूर्ण आलेला नाही, बारीक कडांना कुणीतरी शेजारी लागेल. त्या नवीन माणसाची खुर्ची माझ्या टेबलाच्या दुसऱ्या अंगाला लावा. खिडकी मोठी आहे, दोघांना पुरेल.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला चालेल? तुम्हाला शेजारी कुणी बसलेलं खपत नाही.’ मी म्हटलं, ‘खपेल.’ बायको घड्या घालता घालता ऐकत होती. ती नेहमी ऐकत असते.

शाफ्ट पुसला, नवं ग्रीस लावलं, परत नळीतून ओवला. नट आवळायला दोन पाने लागतात. एक मी घेतला आणि दुसरा तिच्यासमोर धरला. ‘धर,’ म्हटलं. तिने पट्टी बांधलेला अंगठा जपून पाना धरला. मी खिशातून नाणं काढलं आणि उजव्या हाताच्या चिमटीत, न बघता, कडी आणि ब्रॅकेटच्या मध्ये सरकवलं. ते किंचित अडलं, मग गेलं.

‘आता आवळ,’ ती म्हणाली.